कशापैकी किती?



कवीने गणिताच्या वर्गात जाऊन बसावं, हे ऐकून आमच्या गल्लीतले लोक आधी हसले आणि मग काळजीत पडले. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन आणि पोटापाण्याचा धंदा लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापण्याचा. अशा माणसाने एक अख्खं सत्र विद्यापीठात जाऊन 'उपयोजित संभाव्यता' हा विषय शिकायचा म्हणजे याचं काहीतरी बिघडलं असणार, असा सर्वांचा समज. आज आपल्याशी त्या सत्राविषयीच बोलणार आहे. गणित आपल्याला जमत नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही तुमच्यातलाच आहे.

मी त्या वर्गात गेलो ते एका वाक्यामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शुक्रवार पेठेत शिरलं. आपल्याला ठाऊकच आहे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाण्यात लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, पण कागदाचा लगदा होतो. माझ्या दुकानातला कागद, तयार पत्रिका, मशीनची मोटार, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना जो तो एकमेकांना धीर देत होता, "असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. आता आपल्या हयातीत काळजी नाही." कर्ज काढलं, नवा कागद भरला. आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पलीकडे.

दुसऱ्यांदा चिखल काढताना ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. माझं सगळं आयुष्य वाक्यं जुळवण्यात गेलं. एखादं वाक्य खरं आहे की खोटं, हे सांगता येत नसेल तर निदान त्याचा अर्थ काय, एवढं तरी मला कळायला हवं. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ काय? पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा रोज फोन करत होता, "अब्बा, घर-दुकान विकून टाका." पत्नी म्हणायची, "विकायचं की ठेवायचं, काय ते एकदा ठरवा." एखादा निर्णय त्या एका वाक्यावर अडून बसला असेल, तर ते वाक्य समजून घ्यायलाच हवं.

शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र अधिविभागात गेलो. विचारलं, मला परीक्षा नको, पदवी नको, फक्त बसू द्याल का? शिकवणाऱ्या मॅडम माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. त्यांनी एकच अट घातली, "बसा, पण गृहपाठ करावा लागेल." मागच्या बाकावर मी आणि पुढे विशी-बाविशीतली मुलं-मुली. पहिल्या दिवशी ती मला 'सर' म्हणत होती, आठवड्याने 'काका' म्हणू लागली.

पहिला तास नाण्याचा. नाणं तीनदा उडवलं तर छापा-काट्याच्या किती जोड्या होतील? फळ्यावर आठ ओळी उमटल्या आणि मी मागे बसून हसू लागलो. मॅडमनी विचारलं, काय झालं? म्हटलं, मॅडम, हे तर आमचे गण! आपणही शाळेत पाठ केलं असेल, 'यमाताराजभानसलगा'. लघु आणि गुरू अशी दोनच अक्षरं, तीन-तीनांचे गट आणि म्हणून गण आठच. नववा गण असूच शकत नाही. छाप्याला गुरू म्हणा, काट्याला लघू म्हणा, झालं. तिन्ही गुरू असा एकच, तो म गण. तिन्ही लघू असा एकच, तो न गण. एक लघू असलेले तीन, य, र आणि त. एक गुरू असलेले तीन, भ, ज आणि स. एक, तीन, तीन, एक. मॅडमच्या फळ्यावर तेच आकडे होते. आपल्या पिंगलाचार्यांनी छंद:शास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्या मोजण्याची रीत फार पूर्वी सांगून ठेवली आहे. तीन वेळा नाणं उडवून तीनही छापे पडण्याची शक्यता किती? आठपैकी एक. कारण आठ गणांपैकी म गण एकच. त्या दिवसापासून विषयाची भीती गेली.

आणि विषयाची किल्लीही त्याच उत्तरात होती. 'आठपैकी एक.' संभाव्यता म्हणजे नुसतं 'किती' नव्हे, 'कशापैकी किती'. मॅडम सत्रभर हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिल्या. कुणी आकडा सांगितला की आधी विचारा, कशापैकी?

साधं रोजचं उदाहरण घ्या. के.एम.टी.च्या थांब्यावर आपण उभे आहोत. समजा, सरासरी दर वीस मिनिटांनी बस आहे. मग आपल्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागलं पाहिजे. पण आपला अनुभव असा असतो की बस नेहमी उशिराच येते. यात आपल्या नशिबाचा दोष नाही. समजा, एक बस दहा मिनिटांनी येते आणि पुढची तीस मिनिटांनी, पुन्हा दहा, पुन्हा तीस. सरासरी वीसच झाली. पण आपण अवचित थांब्यावर पोचतो तेव्हा त्या चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं मोठ्या खंडाची असतात. म्हणजे चारपैकी तीन वेळा आपण मोठ्या खंडातच सापडणार. हिशेब केला तर सरासरी थांबणं दहा नव्हे, साडेबारा मिनिटांचं होतं. वेळापत्रक लिहिणारा बसगाड्यांची सरासरी काढतो, आपण भोगतो ती प्रवाशांची सरासरी. आकडे दोन्ही खरे, 'कशापैकी' मात्र वेगळं.

वर्गात एके दिवशी मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाचं नाव निघालं. या गृहस्थाने १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यकादंबरीतली पहिली वीस हजार अक्षरं घेतली आणि एकेक करून मोजली. स्वर ८,६३८, व्यंजनं ११,३६२. म्हणजे शंभरात सुमारे त्रेचाळीस स्वर. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. आत्ताच एक स्वर येऊन गेला असेल तर पुढचं अक्षर पुन्हा स्वर असण्याची शक्यता किती? ती शंभरात फक्त तेरा. आणि आधी व्यंजन असेल तर? सहासष्ट. पुढचं अक्षर मागच्या अक्षराकडे बघून येतं. ही गोष्ट ओवी रचणाऱ्याला किंवा गझलेचा काफिया सांभाळणाऱ्याला सांगायला नको. एक शब्द लिहिला की पुढच्या शब्दांची वाट अर्धी ठरूनच जाते. अशी साखळी आज मार्कोव्हच्याच नावाने ओळखली जाते आणि टेलिफोनच्या जाळ्यापासून हवामानापर्यंत सगळीकडे वापरतात. काल पाऊस असेल तर आज पावसाची शक्यता किती, हा प्रश्न त्याच घराण्यातला.

हे सगळं परक्या मुलखातलं आहे असं वाटत असेल, तर एक नाव सांगतो. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म १९१९, आपल्या कोल्हापुरात. हा माणूस केंब्रिजला गेला, हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या दिग्गजाच्या हाताखाली संशोधन केलं, परत आला आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्या गावात कुस्तीगीर, चित्रकार, गायक, सिनेमावाले यांची नावं पोरासोरांनाही ठाऊक असतात, ती असावीतच. पण त्या यादीत हुजूरबाजारांचं नावही असायला हवं. जेफ्रीज यांचा भर एका विचारावर होता. आपल्याला आधी जे वाटत असतं, ते नवा पुरावा हाती आल्यावर किती बदलावं, याचं गणित मांडता येतं. या विचाराचं मूळ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला.

हे बेझचं गणित आमच्या घरी कसं उपयोगी पडलं, ते सांगतो. त्याच सत्रात माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, एका शिबिरात छातीची तपासणी झाली. अहवालात संशय लिहिला होता. पुढच्या तपासणीला आठ दिवस होते. कुणीतरी तिला सांगितलं, ही तपासणी शंभरात नव्वद वेळा बरोबर असते. आपाने त्याचा अर्थ लावला की आपल्याला कर्करोग असण्याची शक्यता शंभरात नव्वद. तिने जेवण सोडलं. दागिने कुठल्या मुलीला कुठले द्यायचे, ते सांगू लागली.

मी वही घेऊन तिच्या शेजारी बसलो. आमच्या दखनी बोलीत तिला विचारलं, आपा, कशापैकी नव्वद? मग वर्गातल्या उदाहरणातले आकडे घेऊन मांडून दाखवलं. समज, हजार बायका तपासणीला आल्या. त्यांपैकी खरोखर आजार आहे दहा जणींना. तपासणीने त्या दहापैकी नऊ जणी बरोबर पकडल्या. हे झालं शंभरात नव्वद. पण उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी बायका आहेत. त्यांच्यापैकी शंभरात नऊ जणींवर जरी ही तपासणी उगाच संशय घेत असली, तरी त्या झाल्या सुमारे एकोणनव्वद. आता अहवालात संशय आला अशा बायका किती? नऊ आणि एकोणनव्वद, म्हणजे अठ्ठ्याण्णव. त्यांत खरोखर आजारी किती? नऊ. म्हणजे शंभरात साधारण नऊ, नव्वद नव्हे. आजारी बायकांपैकी किती जणींवर संशय येतो, हा एक प्रश्न. संशय आलेल्यांपैकी किती जणी आजारी असतात, हा दुसरा. शब्द तेच, फक्त मागचे पुढे झाले, आणि माणूस जिवंतपणी मरणाची तयारी करू लागतो.

मी तिला हेही सांगितलं की हे आकडे उदाहरणाचे आहेत. वय, घराण्यातला इतिहास, तपासणीचा प्रकार यांप्रमाणे ते बदलतात आणि खरं काय ते डॉक्टरच सांगतील. नऊ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही. आपाने वहीतल्या त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे शंभर जणींच्या रांगेत मी उभी आहे आणि नऊ जणींना आत बोलावणार." म्हटलं, बरोबर. त्या रात्री ती जेवली. पुढच्या तपासणीत काही निघालं नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं त्या रात्री जेवणं. निकाल उलटा लागला असता, तरी मधले आठ दिवस तिने अकारण भोगायला नको होते.

आता पुराकडे येतो. 'शंभर वर्षांतून एकदा' या वाक्यात वर्षांचा हप्ता बांधलेला नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कुठल्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. तो येऊन गेला म्हणून नदी शंभर वर्षं सुट्टीवर जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा शंभरात एक. गृहपाठात मी हिशेब केला. अशी शंभर वर्षं घेतली तर एकदाही पूर न येण्याची शक्यता शंभरात सुमारे सदतीस, नेमका एकदाच येण्याची तेवढीच आणि दोन किंवा अधिक वेळा येण्याची सव्वीस. आणखी एक हिशेब केला, तो माझ्या पोटाशी संबंधित होता. तीस वर्षं घर तिथेच ठेवलं तर निदान एकदा पाणी येण्याची शक्यता किती? शंभरात सव्वीस. म्हणजे ढोबळमानाने चारात एक. 'शंभरात एक' ऐकून माणूस निर्धास्त झोपतो, 'चारात एक' ऐकून उठून बसतो. आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. एकात मोजमाप एका वर्षाचं, दुसऱ्यात तीस वर्षांचं.

पण मॅडम तिथे थांबू देत नव्हत्या. त्यांनी विचारलं, ठराविक तीन वर्षांत असा पूर दोनदा येण्याची शक्यता काढा. उत्तर आलं, दहा हजारात सुमारे तीन. आमच्या डोळ्यांसमोर तर तो येऊन गेला होता. मग दोनच गोष्टी संभवतात. एक तर आपण विलक्षण दुर्दैवी आहोत किंवा 'शंभरात एक' हा आकडाच आता जुना झाला आहे. मॅडम म्हणाल्या, दोन पुरांवरून नवा आकडा छातीठोकपणे सांगता येणार नाही, दोन ही फार छोटी संख्या आहे. पण जुन्या आकड्यावर विसंबून राहण्याचा हक्क मात्र संपला. पाऊस पूर्वीसारखा पडतो का? नदीलगतच्या जमिनीवर किती भराव पडला? आकडा हा नदीच्या जुन्या स्वभावावरून काढलेला असतो. स्वभाव बदलला की आकडाही बदलायला हवा. हुजूरबाजारांच्या गुरूंनी सांगितलेलं तेच, पुरावा आला की मत बदला.

वर्गात बसून मला माझ्याच भाषेतल्या एका शब्दाचा अर्थ नव्याने उमगला. तो शब्द 'नशीब'. हा मराठीत आला अरबीतून आणि अरबीत 'नसीब' म्हणजे वाटा, हिस्सा. आपल्या वाट्याला आलेला भाग. 'तकदीर' या शब्दाच्या मुळाशीही मोजमापाची कल्पना आहे. कुणा पूर्वजाने नशिबाला 'वाटा' म्हटलं आणि गणितज्ञही 'कशापैकी किती' असंच विचारतो. नशिबावर विश्वास ठेवणारा माणूस आणि संभाव्यता शिकणारा माणूस यांच्यात भांडण असलंच पाहिजे, असं मला वाटत नाही. आमच्याकडे पैगंबरसाहेबांची एक आठवण सांगतात. कुणी विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. संभाव्यता म्हणजे दोरी किती लांब, किती जाड असावी, याचा हिशेब. उंट उद्या काय करेल, हे ती सांगत नाही.

मग आम्ही काय केलं? पत्नी आणि मी दोघांनी मिळून हिशेब मांडला. नवा आकडा नक्की माहीत नाही, म्हणून सावधपणे धरू, समजा वीसात एक. पाणी आलं तर कागदाचं आणि मालाचं नुकसान समजा दोन लाख. म्हणजे सरासरीने दरवर्षी दहा हजारांचा धोका आपण उशाशी घेऊन झोपतो. जून ते सप्टेंबर चार महिने उंचावरच्या भागात एक खोली भाड्याने घेतली तर सहा हजार लागतात. हिशेब सरळ होता. आता मे महिन्याच्या शेवटी कागदाच्या रिमा टेम्पोत घालून वर नेतो आणि दसऱ्याच्या आसपास खाली आणतो. मशीन उंच ओट्यावर बसवलं. मुलाला सांगितलं, घर विकत नाही.

तो म्हणाला, "अब्बा, हे गणितात बसतं का?" म्हटलं, सगळं बसत नाही. सरासरी वर्षाला दहा हजार म्हणते, पण संकट हप्त्याने येत नाही, एका रात्रीत दोन लाखांचं येतं. म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवतो. आणि घर विकलं तर धोका नाहीसा होत नाही, तो विकत घेणाऱ्याच्या नावावर जातो. शिवाय चाळीस वर्षांचा शेजार, समोरची मशीद, मागचा नदीकाठ यांची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, ते आमच्या मॅडमनाही सांगता आलं नाही. गणिताने निर्णय घेतला नाही. निर्णय आम्हीच घेतला, पण डोळे उघडे ठेवून.

श्रोतेहो, आपल्या मराठीत 'बहुधा', 'कदाचित', 'क्वचित', 'बहुतेक' असे किती शब्द आहेत! आपण ते मीठ-मसाल्यासारखे भुरभुरवतो. डॉक्टर, विमा एजंट, पुढारी, हवामानखातं, सगळे आपल्याला रोज शक्यता सांगत असतात. त्या ऐकायला गणिताची पदवी लागत नाही. समोरच्याला नम्रपणे एवढंच विचारायचं, "साहेब, कशापैकी?" आणि तो नुसता हसला, तर आपणच वही काढायची.

पावसाळा आला की रेडिओवर राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात. पूर्वी आमच्या गल्लीत लोक फक्त फूट ऐकत. आता ते विचारतात, तासाला किती इंचाने वाढतंय, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, वर पाऊस आहे का. सूतारवाड्यातली माणसं सामान बांधू लागली की आम्हीही वेळेत उठतो. नदी तिच्या वाटेने येणार. आपण तिच्या आधी जागं असावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)